त्या बारा दिवसांतलं पाणी

नसीम,

परवा ऑफिसात तुझी शोकसभा झाली. खालच्या कॉन्फरन्स रूममध्ये. तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, त्यात तू फार घाबरलेली दिसतेस. सर म्हणाले, "नसीम मैडम बहुत शांत स्वभाव की थीं." मी पटकन मान खाली घातली, कारण मला हसू आलं. तू आणि शांत! लंचच्या वेळी कॅन्टीनमध्ये तुझ्या शेजारी बसणाऱ्याचा डबा कधी धड संपला नाही, कारण घास तोंडात असतानाच तू त्याला काहीतरी विचारायचीस. मासे झोपतात तेव्हा ऐकतात का? बर्फ खारा असतो का? असतो तर किती दिवस? मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि त्या दोन मिनिटांत मी फक्त वरच्या पंख्याचा आवाज ऐकत होते. त्याचं बेअरिंग गेलंय. तू असतीस तर सभा थांबवून सांगितलं असतंस.

तुझी-माझी ओळखही अशाच एका आवाजावरून झाली. आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मे महिना, दुपारची भाजून काढणारी लू, खिडकीत कूलर. दार वाजलं. समोर एक अनोळखी बाई, डोक्यावर ओली ओढणी. "बहनजी, आपके कूलर का पंप सूखा चल रहा है, जल जाएगा." मी मागे वळून चिरंजीवांवर ओरडले, "अरे, पाणी भर म्हटलं होतं ना तुला!" आणि तू दारातच ओरडलीस, "अय्या, मराठी!" वरच्या मजल्यावरून, तुझा स्वतःचा कूलर चालू असताना, तुला माझा पंप ऐकू आला होता. चहा पिताना कळलं की तू हर्णैची, मी सोलापूरची. तुझ्या घरातून समुद्र दिसायचा आणि मी तो विसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. आणि दुसऱ्या कपाला कळलं की सोमवारपासून तू माझ्याच ऑफिसात रुजू होणार आहेस.

मी तेव्हा समुद्रातला बर्फ पाहायचे. म्हणजे दिल्लीत, एसी खोलीत, स्क्रीनवर. उत्तर ध्रुवाजवळ उपग्रह फिरतात, रडारच्या लहरी खाली सोडतात, परत येतील त्या मोजतात. तिथे हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य उगवत नाही, पण रडारला उजेड लागत नाही, ढगही आड येत नाहीत. चित्रात कुठे पांढरं, कुठे काळं. पांढऱ्याचा बर्फ, काळ्याचं पाणी, साधारण असा हिशोब. माझं काम त्या चित्रांवरून रोजचा नकाशा करण्याचं. मला त्याचा अभिमान होता, आणि तो तू कधी लपवू दिला नाहीस.

"मग तू तिकडे गेलीस कधी?"

"जायची गरज काय? रोज दिसतं की मला."

"म्हणजे कधीच नाही. अगं, गच्चीवरून सरोजिनी मार्केट बघून तू दुकानांचे भाव सांगतेस!"

तुझं काम उलटं. डोंगरांमध्ये खोल घुसलेल्या एका अरुंद खाडीत पाण्याखाली तुझा हायड्रोफोन टांगलेला. तळाला वजन, वर तरंगते गोळे, मध्ये ताणलेला पोलादी दोर आणि दोरावर तो पाण्यातला कान. उन्हाळ्यात बोट जायची, तो वर काढायची, त्यातला वर्षभराचा आवाज उतरवून घ्यायची, बॅटऱ्या बदलून परत सोडायची. मला रोज चित्र मिळायचं. तुला वर्षातून एकदा डिस्क. ती आली की तू चार दिवस कुणाशी बोलायची नाहीस. सरांना तू शांत वाटलीस ती बहुधा तेव्हा.

पहिल्या वर्षी तू मला बळंच बसवून ऐकवलंस. आधी एक लांबलचक शीळ, वरून खाली घरंगळत येणारी, संपता संपेना. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तू टाळी वाजवलीस. "सील आहे! दाढीवाला सील. नर. बायको शोधतोय." मग दुसरा आवाज लावलास. बारीक चुरचुर, तळणात पाण्याचे थेंब पडावेत तशी, पण न थांबणारी. हिमनदीचे तुकडे खाडीत पडतात, त्या बर्फात जुनी हवा दाबून कोंडलेली असते, बर्फ वितळला की बुडबुडे फुटतात. ती हवा आपण दोघी जन्मायच्या किती आधीची असेल, याचा विचार करत तू बसली होतीस. "वैदेही, ही हवा शेवटची बाहेर होती तेव्हा दिल्लीत कोण होतं गं?" मी म्हटलं, मला इतिहास येत नाही. पण त्या दिवशी घरी जाताना आयएनएच्या बाजारात भाजीवाला काय म्हणतोय ते मला दोनदा विचारावं लागलं, कारण कानात तीच चुरचुर होती.

आता त्या बारा दिवसांबद्दल बोलते. आपण त्यावर एकदाच बोललो, आणि त्या वेळी मी सगळं सांगितलं नाही.

तुझ्या हायड्रोफोनचं ते चौथं वर्ष. त्या वेळी बोटीने तो परत न सोडता देखभालीसाठी दिल्लीला आणला होता. डिस्क आली, तू ऐकलीस आणि धावत माझ्या खोलीत आलीस. "ऐन हिवाळ्यात बारा दिवस खाडी उघडी होती. बर्फ नव्हता."

मी नकाशे काढले. बाराही दिवस खाडी पांढरी. "गच्च बर्फ आहे, नसीम."

"वर बर्फाचं झाकण असलं की खाली आवाज दबतो. वारा पाण्यापर्यंत पोचत नाही. इथे सगळा वेळ लाटा फुटतायत. ऐक."

"दोर थरथरत असेल."

"दोर खालच्या सुरात घुमतो. तो मला पाठ आहे. एकदा मी त्यालाच बर्फ तडकला म्हणून नाचले होते, आठवतं ना? तेव्हापासून ओळखते. हे दोराचं नाही."

तुला आपली चूक अशी सहज, मध्येच सांगता यायची. मला येत नव्हती. माझे त्या हिवाळ्याचे नकाशे वार्षिक अहवालात जाऊन छापून झाले होते, मंत्रालयात पोचले होते. बारा दिवसांची खाडी चुकली म्हटलं तर कुणीही विचारलं असतं, मग बाकीच्या खाड्यांचं काय?

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक होती. हायड्रोफोन पुन्हा पाण्यात सोडायचा की नाही, हे तिथे ठरणार होतं. बैठकीच्या दिवशी सकाळी तू मला एक फाइल पाठवलीस. खाडीच्या काठावर हवामानाची नोंद ठेवणारं एक केंद्र आहे, तिथली वाऱ्याची आकडेवारी.

बैठकीत मी पडद्यावर नकाशे दाखवले. तू आवाज लावलास, पण त्या खोलीतल्या स्पीकरमधून सगळंच खरखरीसारखं ऐकू येत होतं. दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, ऑफिसात बोलायचो तसं, हिंदीत: "मैंने सुबह हवा की फ़ाइल भेजी थी. आपने देखी?"

मी म्हटलं, "नहीं, अभी देख नहीं पाई."

अध्यक्ष म्हणाले, उपग्रह आणि हायड्रोफोन यांचं जमत नसेल तर यंत्र तपासून घ्यावं लागेल, यंदा राहू द्या. तू वही मिटलीस. त्या वर्षी बोट गेली, तुझा हायड्रोफोन मात्र दिल्लीत तपासणीसाठी पेटीत पडून राहिला. त्यात काहीही बिघाड नव्हता.

त्या संध्याकाळी तू खाली आली नाहीस. दुसऱ्या दिवशी आलीस, "चहा ठेव" म्हणालीस, आणि तासभर तुझ्या लेकीच्या, जोयाच्या शाळेबद्दल बोललीस. तिला मराठीतला 'ओसरी' हा शब्द कळत नाही, ती 'बरामदा' म्हणते, वगैरे. कामाचा एक शब्द नाही. पुढे वर्षभर आपलं असंच चाललं. तू मला काही विचारेनाशी झालीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तुझे प्रश्न बंद झाले तेव्हा मला कळलं की माझे निम्मे विचार त्यांच्या उत्तरादाखल सुरू व्हायचे.

मग तुम्ही फरीदाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात. वर दुसरं कुटुंब आलं. कूलर कोरडा चालला तरी आता कुणी सांगायला येत नव्हतं.

मी एकटीच त्या बारा दिवसांच्या मागे लागले. तुझ्यासाठी नव्हे, खोटं कशाला बोलू, झोप नीट लागत नव्हती म्हणून. काठावरच्या त्या केंद्राला पत्र लिहिलं की त्या दिवसांतलं काही छायाचित्र आहे का. दीड महिन्याने एक फोटो आला. काळोख, जेटीवरचा एक पिवळा दिवा, आणि दिव्याखाली जेटीच्या लाकडावर आपटून उडालेलं पाणी. बर्फाचा तुकडासुद्धा नाही. खाली तारीख. तुझ्या बारातला सातवा दिवस.

रडारला रंग दिसत नाही, खडबडीतपणा दिसतो. बर्फ खडबडीत, म्हणून पांढरा. पण जोराच्या वाऱ्यात खवळलेलं पाणीही खडबडीतच. तेही पांढरं दिसतं. मी बारा दिवस वादळाला बर्फ म्हणत होते.

रविवारी मेट्रोने तुझ्याकडे आले. डिसेंबर होता, तुम्ही सगळे गच्चीवर उन्हात बसला होतात. तुझे मिस्टर, अन्वरभाई, भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मी फोटो तुझ्या हातात दिला. तू तो उन्हाकडे तिरका धरून खूप वेळ पाहिलास. मला वाटलं, आता म्हणशील, सांगितलं होतं ना. तू म्हणालीस, "वारा कुठल्या बाजूचा होता?"

"नैर्ऋत्येचा. खाडीच्या तोंडातून आत."

"म्हणजे बाहेरचं कोमट पाणी आत ढकललं असणार त्याने. आणि मग सील कुठे गेले? बारा दिवसांत एकही सील नाही माझ्याकडे. बर्फ मोडल्यावर ते निघून गेले, की लाटांत मलाच ऐकू आले नाहीत?" वर्षभराने पहिला प्रश्न. मला रडू आलं. तू पाहिलंस आणि फोटो खाली ठेवलास.

मग तू जे बोललीस ते हळू, शेंगांच्या टरफलांकडे पाहत बोललीस. "वैदेही, तुझं मागचं सगळं जपलेलं आहे. दहा वर्षांपूर्वीचं चित्र उद्या काढून परत बघशील. माझं तसं नाही. त्या वर्षी तिथे कान नव्हता. जे काय वाजलं ते वाजून गेलं. ते वर्ष आता कुणालाच ऐकता येणार नाही."

मी म्हटलं, "वाऱ्यामुळे गफलत झाली."

तू म्हणालीस, "हो, होते." आणि जेवायला वाढायला उठलीस. माझ्यासाठी मुद्दाम तांदळाची भाकरी केली होतीस, मला ती धड तोडता येत नाही हे माहीत असून.

मी दुरुस्तीचं टिपण दिलं. नकाशे बदलले. समितीने हायड्रोफोनला पुन्हा परवानगी दिली. या वेळी बोटीवर तू स्वतः गेलीस आणि स्वतःच्या हातांनी तो पाण्यात सोडलास. परत आलीस तेव्हा नाकाचा शेंडा सोललेला आणि तोंडात एकच वाद, जो शेवटपर्यंत मिटला नाही. तुझं म्हणणं, खोलवरचा जुना बर्फ वेगळा फुटतो. नुसत्या आवाजावरून त्याचं वय सांगता येईल. मी म्हणायचे, पाण्याचं तापमान बदललं की आवाज बदलतो, त्यातून वय कसं वेगळं काढणार? तू म्हणायचीस, काढून दाखवते. हॉस्पिटलमध्येही, ऑक्सिजनची नळी लावलेली असताना, तू माझ्या तळहातावर बोटाने दोन रेघा काढल्यास, एक तापमानाची, एक बुडबुड्यांची, आणि त्या जिथे वेगळ्या होतात तिथे बोट दाबलंस. नर्स म्हणाली, "आंटी, आराम कीजिए." मला अजून पटलेलं नाही, नसीम. पण तो तळहात मी उगाच बघत बसते.

आता राहिलेलं सांगते.

त्या दिवशी सकाळी मी तुझी फाइल उघडली होती. बैठकीच्या तासभर आधी. बाराही दिवस वाऱ्याचे आकडे उंच, आधी आणि नंतर खाली. मला वीस वर्षांचा अनुभव होता. वाऱ्यातलं पाणी रडारमध्ये पांढरं दिसतं, हे मी नव्या लोकांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. मी फाइल बंद केली. स्वतःला म्हटलं, बैठकीनंतर नीट बघू. आणि तू विचारलंस तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं, पाहिली नाही. ती गफलत नव्हती. तुझं ते एक वर्ष वाऱ्याने नाही नेलं, मी घालवलं.

गच्चीवर सांगायचं होतं. तू इतक्या आनंदाने सीलबद्दल विचारत होतीस की माझं धाडस झालं नाही. मग हॉस्पिटलमध्ये सांगायचं होतं, तर वाटलं, आता हिला कशाला. बघ, कारण दर वेळी किती चांगलं सापडतं.

गेल्या रविवारी अन्वरभाईंना भेटायला गेले. जोया चहा करत होती. मी त्यांना सगळं सांगितलं, फाइल, बैठक, माझं खोटं. त्यांचं आयुष्य कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी मध्ये एकदाही न थांबवता ऐकून घेतलं. मला वाटत होतं, ते म्हणतील, जाऊ द्या. किंवा म्हणतील, तिला माहीत होतं. यातलं काहीतरी ऐकायलाच मी गेले असेन.

ते म्हणाले, "वैदेहीताई, हे मला सांगून काय होणार? मला त्यातलं कळत नाही, आणि माफ करायचं म्हणाल तर ते माझ्या हातात नाही. हे कामातलं आहे ना? मग कामात लिहा."

सोमवारी मी जुनं दुरुस्तीचं टिपण पुन्हा उघडलं. त्यात माझं वाक्य होतं: 'वाऱ्याच्या परिणामामुळे नकाशात चूक झाली.' त्याखाली लिहिलं की वाऱ्याची नोंद बैठकीपूर्वी नकाशा करणाऱ्या व्यक्तीकडे पोचली होती, ती त्या व्यक्तीने पाहिली होती, आणि बैठकीत पाहिली नसल्याचं सांगितलं. हायड्रोफोनची नोंद पहिल्यापासून बरोबर होती. खाली माझं नाव, सही. सरांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "मैडम, इतने साल बाद? इसकी ज़रूरत है क्या? रिटायरमेंट को दो साल हैं आपके."

मी म्हटलं, "है, सर."

त्यांनी ते पुढे पाठवलं. काय होईल ते होईल. खोलीत परत आले तर टेबलावर पार्सल होतं. तू सोडलेल्या हायड्रोफोनची यंदाची डिस्क. उन्हाळ्यात बोटीने वर काढली, आणि कुठे कुठे अडकत तू गेल्यानंतर अकराव्या दिवशी दिल्लीत आली. पाकिटावर नाव तुझंच. ऑफिसातल्या मुलींनी विचारलं, मॅडम, कोण ऐकणार? तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. मी म्हटलं, मी.

मला तुझ्यासारखं येत नाही गं. पहिल्या दिवशी मी एका बोटीला देवमासा समजले. दुसऱ्या दिवशी दोर ओळखला, खरंच खालच्या सुरात घुमतो. काल फेब्रुवारीत पोचले. त्या दिवसांचं उपग्रहाचं चित्र मी अजून काढलेलं नाही. आधी कान काय म्हणतात ते वहीत लिहिते, मग चित्र. काल दुपारी चुरचुर सुरू असताना तिच्याखाली काहीतरी वाजलं. तीन ठोके, थांबून परत तीन. सील नाही. दोर नाही. बर्फ तडकला तर असा मोजून तडकत नाही, निदान मला तरी तसं वाटतं. मी ते चौदा वेळा ऐकलं. मग वहीत वेळ लिहिली, आणि पुढच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून पेन हातात धरून तशीच बसून राहिले. बाहेर चार वाजले, सगळे चहाला गेले. काय आहे गं ते?